विचारायचं राहिलं

राघोत्तमरावांना आयुष्यात कुठल्याही गोष्टीबद्दल पक्कं असं काही वाटलं असेल, तर मला तरी ते कधी दिसलं नाही. ट्रिप्लिकेनच्या घरात पुढचा भाग त्यांचा, मागचा आमचा. आम्ही रेल्वेच्या बदलीने साताऱ्याहून मद्रासला आलेलो, ते तंजावरचे, पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेले मराठी. छत्री घेऊन निघायचे, कोपऱ्यावरून परत येऊन छत्री ठेवायचे आणि पुन्हा न्यायला यायचे. त्यांची बायको त्रिपुरसुंदरी छत्री दारातच धरून उभी असायची.

ते बीचजवळच्या एका साहेबी कंपनीत पंपांची पार्सलं रवाना करायचे. तिथे वीस वर्षांत एक पार्सल चुकलं नाही म्हणे. घरी मात्र भाजीवाला वांगी की भेंडी विचारायचा आणि हे आत येऊन बायकोला विचारायचे.

कंपनीत एकसष्ट साली सेवा समिती निघाली. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापायचे आणि वर्षातला एक रविवार ज्याने त्याने सैदापेटच्या मुलींच्या अनाथाश्रमात स्वतःच्या हाताने जेवण वाढायचं. समितीचे चिटणीस कृष्णस्वामी, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी छापील कागद वाटले : नाव, रविवारची तारीख, प्रसंग. बहुतेकांनी आपल्या मुलांचे वाढदिवस लिहिले.

राघोत्तमरावांनी पंचांग काढलं. त्या वर्षी वडिलांची तिथी नेमकी रविवारी येत होती. त्यांचे जुने वाध्यार, म्हणजे श्राद्ध सांगणारे भटजी, मुलाकडे मुंबईला गेलेले. नवे एका सकाळी तीन घरं उरकायचे. गेल्या वर्षी श्राद्धाच्या शेवटी यांनी रीतीप्रमाणे हात जोडून "तृप्त झालात?" विचारलं, तेव्हा जेवणाऱ्यांतला एक जण "झालो, झालो" म्हणत सदऱ्याची बटणं लावत होता. ते राघोत्तमरावांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांनी कागदावर तारीख लिहिली. प्रसंगाच्या रकान्यात मात्र श्राद्ध असं लिहायला हात धजेना, कंपनीच्या कागदावर अशुभ कसं लिहायचं! रकाना कोरा राहिला. कृष्णस्वामींनी तो सगळ्यांसारखा भरून टाकला.

आईला, राजसबाईंना, त्यांनी सांगितलं, "अम्मा, यंदा बाहेर करतो. मठात."

"मठांत? बेस," राजसबाई म्हणाल्या. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आणि श्राद्ध होईपर्यंत पाणीसुद्धा न घेणाऱ्या.

त्रिपुरसुंदरीला खरं माहीत होतं. तिने पहाटे सोवळ्यात वडे आणि पायसम केलं. भात-सांबार आश्रमात व्हायचं होतं. वाढायला हात कमी पडतील म्हणून मी बरोबर गेले.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि बत्तीस मुली उभ्या राहून वाढदिवसाचं इंग्रजी गाणं गायला लागल्या. एका मोठ्या मुलीने राघोत्तमरावांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कृष्णस्वामी टाळ्या वाजवत होते. "किती पूर्ण झाली, राव? संकोच कसला करता!"

"मला... माझी नाही... वडिलांची," राघोत्तमराव म्हणाले.

"वडिलांचा वाढदिवस? वा! किती वर्षांचे झाले?"

राघोत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. "असते तर ऐंशी," ते पुटपुटले, आणि ते टाळ्यांत बुडालं. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी गळ्यात हार घालून हा माणूस वडे वाढू लागला. एकेक वाढायचा ठरलेला असताना त्यांनी गडबडीत पहिल्या ओळींत दोन-दोन वाढले. शेवटच्या ओळीतल्या आठ मुलींना वडा मिळालाच नाही. मुलींनी जेवून पानं उचलली, रांगेत उभ्या राहिल्या, एका सुरात "थँक यू, सर" म्हणाल्या आणि आम्ही बस पकडली.

राजसबाई ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी मुलाच्या खांद्यावरची झेंडूची पाकळी दोन बोटांनी उचलली. "कोणत्या मठांत हार घालतात रे?"

पार्सलवाल्या माणसाला खोटं नीट बांधता आलं नाही. सगळं बाहेर पडलं.

"पोरी? तुझ्या बापाच्या जागीं पोरी जेवल्या?"

"हो, अम्मा. म्हणजे चुकलं का? मला वाटलं... भुकेल्याला घातलं तर..."

"कोणास विचारलेंस?"

"कुणाला नाही."

"मला नाहींच. ते जाऊं दे. त्यांस विचारलेंस का, तृप्त झालांत म्हणून?"

ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप केला, तोच गाण्यात आणि टाळ्यांत राहून गेला होता.

"मग माझ्या घशाखालीं पाणी कसें उतरेल? जा. ऊन आहे तोंवर विचारून ये."

त्रिपुरसुंदरीने छत्री पुढे केली. दोन वाजता ते पुन्हा सैदापेटला गेले. पुढचं त्यांनीच आम्हाला सांगितलं, तेही उलटसुलट. मुली कपडे वाळत घालत होत्या. यांनी हात जोडून तमिळमध्ये विचारलं, पोट भरलं ना? सगळ्या धावत रांगेत आल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, सर." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा टोकाची एक लहान मुलगी, अलमेलू, म्हणाली, "इल्लै." नाही. मोठीने तिला चिमटा काढला. तिने पुन्हा म्हटलं, नाही, आमच्या ओळीला वडा आला नाही.

चार वाजता राघोत्तमराव दारात उभे होते, छत्री आश्रमातच विसरून. "अम्मा, एकतीस जणी झालो म्हणाल्या. म्हणजे म्हणाल्या नाहीत, पण... एक नाही म्हणाली. आता हे कसं धरायचं?"

आता रडारड होणार असं मला वाटलं. राजसबाई भिंतीला धरून उठल्या. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"इतकीं वर्षें भट जेवले, सगळे झालो म्हणाले," त्या म्हणाल्या. "एकही नाहीं म्हणाला नाहीं. तुझा बाप तरी पहिल्या वड्याला पुरे म्हणाला होता का कधीं? सुंदरी, वाटण उरलें आहे का?"

"आठ-दहा होतील, अत्ते," सून म्हणाली.

"तळ."

चूल पेटली. राजसबाई स्वतः पाटावर बसून वडे थापू लागल्या. मधलं भोक प्रत्येकाला बरोबर पडत होतं. राघोत्तमराव डबा हातात घेऊन कधी चुलीकडे, कधी उतरत्या उन्हाकडे बघत होते.

"पण अम्मा," शेवटी ते म्हणाले, "श्राद्ध झालं की नाही झालं?"

"मला काय विचारतोस? त्या पोरीला विचार," राजसबाई म्हणाल्या. "आणि ह्या वेळीं शेवटच्या ओळीपासून वाढ."