कोरडं इंगट

माझ्या घरमालकांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात नसेल, आणि या तालुक्यातली निम्मी गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कारेगावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. जवळच्या एका छोट्या फाउंड्रीत ते इंगटांचं, म्हणजे वितळवण्यासाठी आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव विटांचं, गोदाम सांभाळत. मी तिथेच ऑफिसात आहे. ओलं इंगट वितळलेल्या धातूत पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू माणसांच्या अंगावर उडतो. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आप्पांनी ते घरीही आणलं. कोरडा तांब्या ते पुन्हा पुसत, वाळलेला सदरा परत उन्हात टाकत. गोदामात प्रत्येक थप्पीला गाल लावून ओल तपासत. "चाळीस वर्सं संसार केला, माझ्या गालाला कवा हात लावला न्हाई," त्यांच्या पत्नी, मामी, माझ्यासमोर म्हणायच्या. "तू कुठं भट्टीत पडनार हायेस?" आप्पा विचारत.

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि फाटक्या ताडपत्रीखाली इंगटांचा टेम्पो आला. गिऱ्हाइकाचा माल अडला होता. नवे मॅनेजर घाईत होते. "आप्पा, वरून कोरडं आहे. टाकायला सांगा."

"वरून व्हय. पोटातल्या भेगंत काय हाय, ते तुमी बघितलं का?" असं म्हणून आप्पा थप्पीवर मांडी घालून बसले.

"तुमची मुदतवाढ माझ्या सहीवर आहे, विसरू नका."

"सही करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. इंगट आधी भट्टीच्या कडंला तापंल."

भट्टीवरचा बिहारी कामगार हात बांधून उभा राहिला. "चाचा बोलेंगे, तब डालेगा साब."

अखेर इंगटं भट्टीच्या कडेला मांडली. दहा मिनिटांत तिसऱ्या इंगटाच्या भेगेतून पाणी फसफसत बाहेर आलं. मॅनेजरांनी ते पाहिलं, मग भट्टीपाशी उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं, आणि केबिनमध्ये गेले. संध्याकाळी एका वर्षाची मुदतवाढ सही होऊन आली.

ते वर्षही आता सरलं. आप्पा घरीच असतात, तब्येत चांगली आहे, मामींशी भांडण रोजचं. फक्त शिफ्ट सुटायच्या वेळेला ते घराच्या फाटकाशी येऊन थांबतात. मी गाडी लावली की विचारतात,

"समदी नीट घरी गेली का?"

"गेली, आप्पा."

"मग चला, जेवाया बसू," म्हणतात आणि आत वळतात.