सूर्यफुलाच्या पेंडीचा खरा आकडा

हेमावती मुतालिक धारवाडहून रोज बसनं तारिहाळला जायची. तिथल्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात ती रसायनतज्ज्ञ होती. १९८४ साली मका मिळेनासा झाला, म्हणून खाद्यात सूर्यफुलाची पेंड वाढवली गेली. महिन्याभरानं पोल्ट्रीवाले पांडुरंगअण्णा एक पिल्लू घेऊन थेट प्रयोगशाळेत आले.

"सहा आठवड्यांचं आहे अक्का. हातात घेऊन बघा."

हेमावतीनं ते उचललं. छातीचं हाड बोटांना टोचलं.

खाद्याचे आकडे तिनंच काढलेले होते. पाणी, प्रथिनं, चरबी, चोथा, राख मोजायची आणि शंभरातून वजा जाता उरेल ते कर्बोदक धरायचं, अशी रीत होती. पण उरलेलं सगळं कोंबडीला पचतं कुठे? पचणारं पिष्ट आणि साखर वेगळी मोजायला हवी, असं तिनं व्यवस्थापक मुकुंदरावांना सांगितलं.

"सगळीकडे असंच मोजतात," ते म्हणाले.

"मग सगळीकडे चुकत असेल साहेब. मला दोन महिने द्या."

तिनं पिष्टाची साखर करणारा एन्झाइम मागवला. पीठ उकळायचं, एन्झाइम घालून कोमट ठेवायचं, गाळायचं, साखर मोजायची. पहिल्याच चाचणीत मक्यात पिष्ट चाळीस टक्के आलं. यायला हवं होतं साठाच्या वर. मुकुंदराव नुसते हसले. ते हसणं तिला झोंबलं. आठवडाभर तिनं एकेक पायरी तपासली, तेव्हा कळलं की दळण जाडंभरडं होतं. बारीक चाळणीतून काढल्यावर मका चौसष्टवर आला. पेंडीत मात्र कागदावरच्या सव्वीस टक्के कर्बोदकांपैकी पचणारे जेमतेम सात हाती लागले.

तिची रीत पारखायला मुकुंदरावांनी धान्य आणि पेंडीच्या खूण नसलेल्या सहा पुड्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं पिष्ट मोजून सहाही ओळखल्या. दोन पुड्यांत एकच माल होता, तेही तिनं सांगितलं.

"आयतु, हेमक्का," ते कानडीत म्हणाले, म्हणजे झालं तर मग. "पण पिल्लांचं काय म्हणणं आहे?"

पांडुरंगअण्णांनी दोन खुराडी दिली. एकात जुनं खाद्य, दुसऱ्यात हेमावतीच्या आकड्यांवरून बेतलेलं, पेंड कमी आणि ज्वारी जास्त. दर रविवारी ती स्वतः पिल्लं तोलायला जायची. सहाव्या रविवारी तिच्या खुराड्यातली पिल्लं सरासरी पाव किलोनं भारी भरली.

सोमवारी कारखान्यात नवं खाद्य सुरू झालं. हेमावतीनं त्याच दिवशी भाताचा कोंडा दळायला घेतला. त्याचाही जुना आकडा तिला पटत नव्हता.