आमच्या आरतीची कीबोर्डातली घंटा

कीबोर्ड वाजवणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात, बटणांच्या फटीत विभूती जमते तसे. झटकले तरी जात नाहीत. माझ्याकडचे सगळे एकाच घंटेचे आहेत आणि खरं सांगतो, त्या घंटेने मला पार दमवलंय!

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत गोपाळरावमामांच्या माडीवर दर शनिवारी आम्हा मराठी मंडळींचं भजन असतं. आरतीची पितळी घंटा मामांच्या घराण्याची. रीत अशी, की वाजवणारा हयात आहे तोवर दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. वयाने मामांचा हात कापायला लागला, तेव्हा प्रत्येक ठोक्यामागे एक अर्धा ठोका ऐकू यायचा. मग एका शनिवारी घंटा हातातून सुटून निरांजनावर पडली. मामांनी ती पुसून देवापुढे ठेवली आणि तेव्हापासून आरतीत ते हात मांडीवर ठेवून नुसते बसू लागले. टाळीसुद्धा नाही.

ते कोणालाच बघवेना. त्यांची लेक जयाअक्का मला म्हणाली, "रंगा, तुझ्या कीबोर्डांत घंटा आहे की नाही? कीबोर्डाला हात लावला म्हणजे घंटेला लावला, असं होत नाही! आवाज ऐकून अप्पा टाळी तरी वाजवितील."

झालं. आठवडाभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि शनिवारी संध्याकाळी कीबोर्ड स्कूटरवर आडवा बांधून माडी चढायची, असं माझं सुरू झालं.

*

कीबोर्डात तयार मिळालेली पहिली घंटा चर्चची निघाली. खोल, लांब घुमणारी. मी एकेक ठोका सावकाश देत होतो. आरती अर्ध्यावर आली आणि खालचे भाडेकरू, दर रविवारी चर्चला जाणारे, शर्टाची बटणं लावत घाईघाईने वर आले. दारातच हात जोडून तमिळमध्ये हळूच विचारलं, "कोण गेलं?"

आरती संपल्यावर मामा दोनच शब्द बोलले. "ही नव्हे."

*

म्हणून पुढच्या वेळी बारीक आवाज घेतला. किणकिण, गोड. पहिल्याच कडव्याला सगळी पोरं देवाला पाठ करून जिन्यावरून खाली पळाली! गल्लीत पंजुमिठाईवाला नेमकी तशीच घंटा वाजवत येतो. साखरेचा गुलाबी कापूस मिळाला नाही म्हणून एकीने असं भोकाड पसरलं, की आरती तिच्या रडण्यातच संपली.

मामा म्हणाले, "ही पण नव्हे."

*

मग आमचे गायक श्रीनिवासराव. त्यांचा घसा बसला होता. "रंगा, सूर खाली घे," म्हणाले. मी बटण दाबून कीबोर्डचा सूर उतरवला. त्या बटणाने कीबोर्डातलं सगळंच उतरतं, हे आरती सुरू होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. घंटा अशी निघाली, की कोणी पातेल्यावर पळी आपटतंय!

जयाअक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "घंटेलाही पडसं झालं कां? तिलाही मिरीचं रसम पाठवू?"

या वेळी मामा 'ही नव्हे' म्हणायलाही थांबले नाहीत, उठून आत गेले. मला तेच जास्त लागलं.

*

शेवटी बाहेरचा आवाज भरता येतो असा नवा कीबोर्ड घेतला. बायकोने चार दिवस त्याची किंमत ऐकवली. ओरत्तनाडूजवळच्या एका देवळात जाऊन तिथल्या घंटेचा ठोका भरून आणला. अस्सल! घरी नीट ऐकायला सवड कोणाला होती?

शनिवारी ठोका दिला. घंटा घुमली आणि घुमण्याच्या शेपटीला तिथल्या पुजाऱ्याचा खणखणीत आवाज आला, "चेरुप्पै वेळिये विडुंगो!" म्हणजे, चपला बाहेर काढा. प्रत्येक ठोक्याला चपला बाहेर! मी बोट उचलेपर्यंत दोघं जण उठून दाराबाहेर आपापल्या चपला बघून आले होते.

मंडळी पोट धरून हसली. मामा हसले नाहीत. मांडीवरचे हात तिथेच होते.

*

मागच्या महिन्यात मात्र मी ठरवलं, आता बस्स. पेपर तपासून डोळे चुरचुरत होते, कीबोर्ड उचलून पाठ गेली होती. जिन्यातच अक्काला सांगितलं, "अक्का, आज शेवटचं. मला जमत नाही आणि मामांना आवडत नाही." ती रागावली नाही. कॉफीचा टंबलर माझ्या हातात देऊन वर गेली. मलाच वाईट वाटलं.

शेवटचंच म्हणून नवा आवाज शोधत बसलो नाही. होता त्यातला एक घेतला, घुमणं कमी केलं आणि मामांची घंटा आठवत वाजवू लागलो. एक ठोका. त्याच्यामागे, बोट जरा सैल सोडून, एक अर्धा. कधी लवकर, कधी उशिरा.

तिसऱ्या कडव्याला मामांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग भिंतीचा आधार घेऊन उठले आणि माझ्याजवळ आले. श्रीनिवासराव गात होते, पण त्यांचं लक्ष सगळं इकडे होतं.

मामांनी माझा हात कीबोर्डवरून उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला.

"दमलास रे तूं. हात कापतो तुझा," ते म्हणाले आणि वाकून देवापुढची घंटा उचलली. "बैस. मी वाजवितों."