गोलपुढचं खळं

लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगिरात पेढे वाटले गेले, फटाके उडाले, आणि आम्ही फुटबॉलवाले तेवढे तोंड पाडून बसलो. आमच्या टीममधले चार जण देगलूरच्या बाजूच्या एका गावचे, म्हणजे नांदेड जिल्ह्यातले. आजवर ते सायकली हाणत आमच्याकडे खेळायला येत आणि कुणी त्यांना जिल्हा विचारत नसे. खेळ निजामाच्या वेळी हैदराबादहून आलेला, त्याला जिल्ह्याशी काय देणंघेणं? पण नवा जिल्हा म्हटल्यावर संघटनेत नवी मंडळी आली आणि त्यांनी नवे नियम आणले. हा हंगाम जुन्याच टीमनं संपवा, पुढच्या वर्षापासून ज्यानं त्यानं आपापल्या जिल्ह्यातून खेळायचं, असं त्यांनी कळवलं. म्हणजे ज्या दिवशी आम्ही हरू, त्या दिवशी आमची टीम मोडणार. जिंकत राहू तोवर सोबत.

त्या चारांत आमचा गोलकीपर होता. शेतकऱ्याचा मुलगा, घरी देवणी बैलांची जोडी, बोलणं कमी. मी त्याच्या पुढचा बॅक. शाळेत पोरांना गणित शिकवायचो आणि मैदानावर सगळ्यांवर खेकसायचो. माझ्या खेकसण्याला मान न डोलावता आपलं काम करणारा तो एकटाच होता, म्हणून माझं त्याच्याशी जमायचं. कप्तान बाजारातल्या कापड दुकानाचे मालक, वयानं आमच्याहून मोठे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. दुकानात गिऱ्हाइकाला गोड बोलून साडी खपवणारा हा माणूस मैदानावर आला की कुणावर भरवसा ठेवत नसे.

साखळीतला शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, नांदेडकडच्या एका टीमशी होता. बरोबरी झाली तरी आम्ही बाद फेरीत जाणार होतो, आणि ती नांदेडला व्हायची होती. अडचण मैदानाची होती. पाऊस दगा देऊन गेला होता आणि काळ्या जमिनीला पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आमच्या एका पोराचा घोटा त्यातच मुरगळला. मैदानाचं एक टोक मुरमाचं, तिकडे काही त्रास नव्हता. दुसऱ्या टोकाला, गोलच्या अगदी पुढ्यात, नुसती चाळण झाली होती. मैदान नीट करा, नाहीतर सामना दुसरीकडे नेऊ, असा संघटनेचा निरोप आला.

उपाय गोलकीपरनं काढला. म्हणाला, "खळं करू की. जवारीच्या मळणीला करतो तसं."

आणि आम्ही खरोखर खळं केलं. त्याने गावाकडून बैल आणले. गोलपुढची माती उकरली, भिजवली, तिच्यावर बैल गोल गोल फिरवले, मग चोपण्यांनी चोपली आणि वरून शेणकाल्यानं सारवली. पाण्याचं विचारू नका. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळायचे दिवस होते. आम्ही बाजेवर बसून अंघोळ करायचो, खाली परात ठेवायची, आणि ते साबणाचं पाणी बादल्यांतून मैदानावर आणायचो. माझी आई तर म्हणाली, "अंगाला पानी मिळंना आन् तुमी मातीला न्हाऊ घालायलात!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची आणि कपाळाला हात लावायची. मला लाज वाटायची, पण हातातली बादली मी सोडली नाही.

खळं वाळलं आणि काय देखणं दिसायला लागलं! आता खळं म्हटलं की त्यावर चप्पल-बूट घालून कुणी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडायची कुणाची छाती झाली नाही. अण्णा स्वतः काठी घेऊन कुत्री हाकलायचे. सामन्यापर्यंत सराव मुरमाच्या टोकाला झाला. त्या खळ्यावर एकदाही कुणी चेंडू टाकून पाहिला नाही. अकरा धडधाकट माणसं, त्यातला एक गणिताचा मास्तर, आणि एवढं कुणाच्या डोक्यात येऊ नये!

सामन्यात पहिल्या अर्ध्या वेळात आमचा एक गोल झाला. दुसऱ्या अर्ध्यात खळ्याचं टोक आमच्याकडे आलं. गोलकीपरनं बूट काढून खांबाच्या मागे ठेवले आणि अनवाणी उभा राहिला. मी ओरडलो, "अरे, बूट घाल!" तो म्हणाला, "खळ्यावर? न्हाई गड्या." समोरची टीम नुसती चढून येत होती. माझ्या पोटऱ्यांना गोळे आले होते, तोंडात धूळ, आणि डोक्यात एकच की हा एक गोल टिकला पाहिजे. सामना संपत आला असताना त्यांच्या कुणीतरी मधूनच एक उंच चेंडू आत टाकला. साधा चेंडू. मी तो सोडून दिला, कारण मागे गोलकीपर होता. तो दोन पावलं पुढे आला आणि चेंडू छातीशी घ्यायला वाकला. चेंडू खळ्यावर पडला, त्याच्या डोक्यावरून उडाला आणि गोलमध्ये गेला.

एक-एक झालं. उरलेला वेळ आम्ही चेंडू जमेल तसा बाहेर मारत काढला आणि बरोबरी टिकवली. बाद फेरीत गेलो. लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं, पण अण्णा दूर उभे होते आणि गोलकीपरच्या उघड्या पायांकडे बघत होते.

दोन दिवसांनी सरावाला अण्णांनी नांदेडच्या सामन्यासाठी टीम सांगितली. गोलमध्ये दुसऱ्याचं नाव घेतलं.

गोलकीपरनं विचारलं, "माझं काय चुकलं, अण्णा?"

"चेंडू सोपा व्हता."

"उडाला त्यो."

"उडाला. आन् ऐन वक्ताला बूट कामून काढलास?" आणि मग अण्णा नको ते बोलून गेले. "पुढच्या साली तुला तिकडंच खेळायचं हाय. आत्तापासूनच तिकडचा झालास का काय?"

माझं डोकंच फिरलं. हातातला चेंडू मी अण्णांच्या पायाशी आपटला आणि म्हणालो, "अण्णा, तुमी शब्द मागं घ्या. आत्ताच्या आत्ता." ते तोंड फिरवून उभे राहिले.  गोलकीपरचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्याला राग आला नव्हता, तो आम्हा एकेकाकडे निरखून पाहत होता, जणू कोण कोण असं समजतंय ते त्याला जाणून घ्यायचं होतं. बाकीचे खाली बघत होते. त्याने सायकल उचलली. त्याच्या मागोमाग त्याच्या गावचे तिघेही निघून गेले.

मी चपला काढल्या, चेंडू घेतला आणि खळ्यावर गेलो. "या इकडं," अण्णांना म्हणालो, "बघा." चेंडू उंच फेकला. तो खळ्यावर आपटून माझ्या डोक्याच्या वर गेला. अण्णा आले, त्यांनीही चपला काढल्या. त्यांनी चेंडू टाकला, पुन्हा टाकला, हळू टाकला, जोरात टाकला. दर वेळी तो दगडी फरशीवर पडल्यासारखा उडत होता. शेवटी ते खळ्यावरच बसले. "आता रं काय करावं?" असं त्यांनी मला विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

"जाऊन माफी मागा," मी म्हणालो.

"मी? त्याच्या दारात?"

ते गेले नाहीत. मी गेलो. गोलकीपर घरी नव्हता, बैल घेऊन चारा छावणीवर गेला होता. त्याच्या वडिलांना मी सगळं सांगितलं. रविवारी सकाळची नांदेडची बस तुमच्याच फाट्यावरून जाते, चौघांनी फाट्यावर उभं राहायचं, अण्णांना चूक कळलीय, असं परत परत सांगितलं. म्हाताऱ्यानं मला चहा दिला. "सांगतो की," एवढंच म्हणाला. त्या "सांगतो की"चा अर्थ लावत मी परत आलो. चार जणांवाचून सामना खेळायचा म्हणजे हरायलाच जायचं, आणि हरलो की संपलं.

रविवारी स्टँडवर अण्णा आमच्या आधी हजर होते. बस लागली तशी त्यांनी खिडकीतून रुमाल, टॉवेल, पिशवी, जे हाताला येईल ते टाकून चार जागा धरल्या. बस खच्चून भरली. लोक उभे, पोरं रडताहेत, आणि अण्णा चार रिकाम्या जागांवर आडवे हात धरून बसलेले.

एक म्हातारी म्हणाली, "कुनासाठी धरून बसलास रे बाबा? बसू दे की मला."

"आमची मानसं यायलेत, मावशी. म्होरच्या फाट्यावर."

"आन् न्हाई आली तर?"

अण्णांनी टॉवेल आणखी पसरून ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. जळून गेलेली रानं, मग जिल्हा संपल्याचा तो नवाकोरा फलक मागे गेला, आणि वळणावर फाटा दिसला. लिंबाच्या झाडाखाली माणसं उभी होती. मी मोजायला धजलो नाही. बस थांबली आणि दारातून एकामागून एक चौघेही आत आले, खांद्याला बूट लटकवलेले.  सगळी टीम ओरडायला लागली. तिघे पटापट येऊन बसले.

अण्णांनी चौथ्या जागेवरचा टॉवेल काढला आणि गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेले. "ये, बस," म्हणाले. "चुकलं माझं. गोलमध्ये तूच उभारायचं."

"उभारतो की," गोलकीपर म्हणाला. "म्हनूनच आलो. टीम हाय तवर माझीच हाय."

"मग बस की बाबा."

त्याने वरचा दांडा नीट धरला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "पुढच्या साली तुमच्याइरुद्ध उभारंन, अण्णा. तवा चेंडू सुटला तर निस्तं सुटला म्हनाल. कुनी इचारनार न्हाई, मुद्दाम सोडलास का म्हनून."

अण्णा तसेच उभे राहिले. मी उठून त्याला माझी जागा देऊ केली, तर त्याने मानेनं नको म्हटलं. तेवढ्यात ती म्हातारी रिकाम्या जागेवर जाऊन बसली आणि कंडक्टरनं घंटी मारली. नांदेड येईपर्यंत तो दारापाशी उभाच होता.