इमामचाचांचे हात, माझी फीत

इमामचाचा गेल्याची बातमी महादू पैलवानानं आणली. सकाळची वेळ होती, दवाखान्यात गर्दी होती आणि मी एका म्हातारीच्या छातीला नळी लावून बसलो होतो. महादू एरवी रस्त्यावरूनच हाक मारत येणारा गडी. त्या दिवशी तो भिंतीला पाठ लावून मुकाट उभा राहिला. म्हातारी औषध घेऊन उठली तसा पुढं आला आणि म्हणाला, "डागदर, चाचा गेलं..." मी काहीतरी विचारलं असणार, कारण तो सांगत राहिला. "सकाळची नमाज पढली, पिंजायला बसलं आन् बसल्या जाग्याला कलंडलं. चाची च्या घिऊन आली तर मुठीत कापूस तसाच." मी दवाखाना बंद केला. इस्लामपूरला आल्यापासून कामाच्या दिवशी दवाखाना बंद ठेवण्याची माझी ती दुसरी की तिसरी वेळ. कब्रस्तानाकडे जाताना खांदा द्यायला इतके पैलवान जमले होते की चाचांच्या जावयांना पुढं सरकायला वाट मिळेना. त्यातले निम्मे तरी असे, की ज्यांचा हात, खांदा किंवा गुडघा कधी ना कधी चाचांच्या तळव्याखालून गेलेला.

आता दीड महिना होत आला. चाचांबद्दल लिहा, असं दोघा-तिघांनी सुचवलं, तेव्हा मी टाळत होतो. हाडवैद्यावर डॉक्टरनं काय लिहायचं, हा संकोच त्यात होता, तो कबूल करतो. पण हा संकोचच आमच्या ओळखीची सुरुवात होता, तेव्हा तिथूनच सांगावं हे बरं.

इमामचाचा धंद्यानं पिंजारी. गाद्या-लेपाची कामं करत. घरापुढच्या पडवीत कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार दिवसभर चालू असे आणि चाचांच्या भुवयांवर कायम कापसाचा पांढरा भुगा बसलेला असे. हाडं बसवण्याची विद्या त्यांच्याकडं वडलांकडून आली. तरुणपणी ते स्वतःही मातीत उतरले होते, त्यामुळं आसपासच्या तालमींतले सगळे दुखणेकरी त्यांच्या पडवीत येत. मी एकेचाळीस साली इथं दवाखाना थाटला, तेव्हा पहिल्याच महिन्यात कोणीतरी म्हणालं, "हाडाचं काय आलं तर तुमच्याकडं कोण येणार न्हाई. पिंजारी हाय की आमचा." मला ते झोंबलं होतं. शिकत असताना मी एक मुलगी पाहिली होती. हाडवैद्यानं हात इतका आवळून बांधलेला, की सोडला तेव्हा बोटं काळी पडली होती. त्या दिवसापासून हाडवैद्य म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ती बोटं येत. तीन वर्षं मी चाचांच्या पडवीवरून गेलो, पण कधी मान वळवून पाहिलं नाही.

महादू नदीकाठच्या गावचा, घरचा ऊस, अंगानं भरलेला. जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती रंगात आली असताना पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. गुडघा जागीच सुजला. त्याचे वडील पूर्वी पलटणीत होते, त्यांचा डॉक्टरवर विश्वास, म्हणून बैलगाडी थेट माझ्या दारात आली. गुडघ्यातला हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध फाटला होता. मी शिकलो होतो तसं केलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय अजिबात हलवायचा नाही असं बजावलं. आठ आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय महादू दोन्ही हातांनी चाचपून पाहू लागला. खांबासारखी मांडी वाळून दुसऱ्या मांडीच्या निम्मी दिसत होती आणि गुडघा धड वाकतही नव्हता, धड सरळही होत नव्हता. "ह्यो पाय माजा न्हाई," तो म्हणाला. सव्वीस वर्षांचा तो धिप्पाड माणूस माझ्यासमोर ओठ दाबून रडत होता आणि मी त्याला विश्रांतीनं बरं वाटेल असं सांगत होतो... त्याला किती विश्रांती झाली होती, ते दोघांनाही दिसत असताना.

पुढच्या आठवड्यात कळलं, की महादू पिंजाऱ्याकडं जातो. मी तडक पडवी गाठली. रागात होतो, आणि आता वाटतं की थोडा घाबरलेलाही होतो. महादू खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता. गादीच्या जाड कापडाची शिवलेली एक पिशवी त्याच्या घोट्याला बांधली होती. तो दात आवळून पाय सरळ करत होता, क्षणभर धरून ठेवत होता, पुन्हा सोडत होता. चाचा समोर उकिडवे बसून आकडे म्हणत होते. मांडीवर त्यांचा एक तळवा नुसता टेकलेला.

"हे काय चालवलंय तुम्ही? फाटलेला गुडघा आहे तो!" मी ओरडलोच.

चाचांनी दहापर्यंत मोजणं पुरं केलं, मग माझ्याकडं पाहिलं. "आवं डागदर, फाटल्यालं तुमी जुळवलंसा. लय ब्येस जुळलंय. पर गुडग्याला धरतंय कोण? हे मांडीचं मास धरतंय. त्येच उपाशी मेलंय. त्येला काम दिल्याबगार ते उठायचं न्हाई."

पिशवीत वाळू होती. दर तीन दिवसांनी चाचा तिच्यात एक मूठ वाढवत. वाढवताना मूठ स्वतःची नव्हे, महादूची. "त्येचा पाय, त्येची मूठ," ते म्हणाले. मी म्हणालो, की असं करून गुडघा कायमचा जाईल. त्यावर चाचा चिडले नाहीत. "जाईल का र्‍हाईल ते कसं कळंल? मला हाताला कळतंय, पर तुमाला माज्या हाताचं पटायचं न्हाई. तुमच्यापाशी काय मापायचं असंल तर मापा की."

मी परतलो. दोन दिवस त्या वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. मग शिंप्याकडून एक फीत आणली, कोरी वही घेतली आणि पडवीत जाऊन महादूच्या दोन्ही मांड्या मापल्या. गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटं, तिथं शाईनं रेघ मारून. पुढच्या वेळी माप त्याच जागी यावं म्हणून रेघ पुसू नकोस एवढंच मी सांगितलं, तर या गड्यानं आठ दिवस अंघोळ केली नाही. चाचा नाक धरून मला म्हणाले, "डागदर, तुमच्या शास्तराला जरा आवरा." तेव्हा पहिल्यांदा आम्ही तिघं मिळून हसलो.

फितीवरचे आकडे खोटं बोलत नव्हते. पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक नव्हता आणि मनातल्या मनात मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो. तिसऱ्या आठवड्यापासून मांडी भरू लागली. गुडघा वाकू लागला. माझ्या प्रत्येक मापाआधी चाचा डोळे मिटून दोन्ही मांड्यांवर हात ठेवत आणि फरक सांगत, मग मी फीत लावी. ते पाव इंचाच्या पलीकडं फारसे चुकले नाहीत. हळूहळू मी दुसऱ्याही पैलवानांची मापं घेऊ लागलो. काहींचं प्लास्टर मी लवकर काढलं, काहींना प्लास्टरमध्ये असतानाच मांडी आवळून सोडायला लावलं. सगळेच बरे झाले नाहीत. दोघांचे गुडघे सुजले, त्यांना थांबवावं लागलं. काही परत आलेच नाहीत, त्यांचं काय झालं ते वहीत नाही. पण जे होतं त्यावरून दिसत होतं, की मी आजवर पुष्कळ लोकांना गरजेपेक्षा जास्त दिवस निजवून ठेवलं होतं.

महायुद्ध संपत आलं तशी परदेशी वैद्यकीय नियतकालिकं पुन्हा टपालानं यायला लागली, महिनोन्‌महिने उशिरा. त्यांत जखमी सैनिकांवरचं नवं संशोधन असे. एके दुपारी वाचता वाचता मी उठून उभा राहिलो. तिकडच्या लष्करी इस्पितळांत दुबळ्या स्नायूंवर थोडं थोडं वजन वाढवत नेण्याचे प्रयोग चालू होते आणि माणसं लवकर चालती होत होती. मी तो अंक घेऊन पडवीत गेलो आणि चाचांना मराठीत सांगत गेलो. त्यांनी धनुकली बाजूला ठेवून सगळं ऐकलं.

"त्येंच्यात बी वाळूच बांदत्यात का?"

"नाही चाचा, लोखंडाची वजनं."

चाचांनी मान हलवली. "लोखंड न्हाई बरं. वाळू मुठीनं वाढीवता येती." आणि त्यांनी पुन्हा कापूस ओढला.

त्याच दिवसांत कधीतरी मी त्यांना त्या काळ्या बोटांच्या मुलीची हकिगत सांगितली. सांगताना माझ्या आवाजात जुना ताठा आला असावा. चाचांनी नुसताच कापूस पुढं ओढला. चार दिवसांनी ते आपण होऊन दवाखान्यात आले, सगळे रोगी जाईपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग म्हणाले, "माज्या हातनं बी झालंय तसं." वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोट हाकताना पडलेला एक शेतकरी त्यांच्याकडं आला होता. चाचांनी बांबूच्या कांबीनं हात घट्ट बांधला. तो रात्रंदिवस दुखतंय म्हणत होता आणि चाचा त्याला धीर धर म्हणत होते. हाड जुळलं, बोटं मात्र आखडली ती कायमची. "त्यो मला कदी वंगाळ बोलला न्हाई. दर साली त्येच्या घरची गादी मी भरून देतो. ती घेताना दुसऱ्या हातानं घेतो त्यो..." एवढं बोलून ते थांबले. मग त्यांनीच सरळ विचारलं, "मला शिकवा. कुठलं माज्याकडं ठिवायचं आन् कुठलं तुमच्याकडं धाडायचं?"

साठीला आलेल्या माणसानं आपल्या निम्म्या वयाच्या माणसाला हे विचारायला काय लागतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. बांधल्यावर नख दाबून सोडायचं आणि लाली परत येते का पाहायचं, मनगटाखालची नाडी चाचपायची, बोटं उघडी ठेवायची, दुखणं वाढलं की आधी बांधणं सोडायचं, हे मी त्यांना शिकवलं. मोडलेलं हाड माझ्याकडं पाठवायचं असं ठरलं. त्यांनी मला डोळे मिटायला शिकवलं. "बगितलं की हात आंधळा हुतो," म्हणायचे. माझे हात आजही त्यांच्याइतके शहाणे नाहीत, पण पूर्वीइतके आंधळेही राहिले नाहीत.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांची साताऱ्याला बैठक होती. आमची निरीक्षणं मी तिथं वाचायची ठरवली आणि चाचांना व महादूला सोबत नेलं. सर्व्हिस मोटारीत चाचा पांढरी शुभ्र टोपी घालून खिडकीशी बसले होते आणि साताऱ्याचा किल्ला दिसल्यावर लहान मुलासारखे खूष झाले. सभागृहाच्या दारात मात्र एकानं मला बाजूला घेतलं. "निबंध वाचा, पैलवानही दाखवा. पण पिंजाऱ्याला आत कशाला?" मी म्हणालो, की निम्मा निबंध त्यांचा आहे, ते बाहेर थांबले तर मला निम्माच वाचता येईल. तो बाजूला झाला आणि आम्ही तिघंही आत गेलो. वाचन झालं. महादूनं धोतर वर करून मांड्या दाखवल्या. मागच्या रांगेत कुजबुज चाललेली. अध्यक्षस्थानी एक वयस्कर सर्जन होते, ते कोरडेपणानं म्हणाले, "हातानं पाव इंच कळतो? माझ्या मांड्यांतला फरक सांगतील का हे?"

चाचा पुढं गेले. साहेबांच्या विजारीवरून दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले.

"सायेब, डावी बारीक हाय. अर्ध्या इंचाला जरा कमी. लय जुनं दुकनं हाय. कवा पडला हुता?"

साहेबांनी डाव्या मांडीवर हात ठेवला. मग हसत म्हणाले, "घोड्यावरून. कॉलेजात असताना." फीत मागवली गेली. माप तेवढंच भरल्यावर जो हशा आणि टाळ्यांचा गजर झाला, तो माझ्या निबंधासाठी नव्हता. बैठकीनंतर साहेबांनी चाचांना आपल्या शेजारी चहाला बसवलं आणि वाळूच्या पिशवीचं कापड कोणतं, ती शिवायची कशी, हे बारकाईनं विचारून घेतलं. परतीच्या मोटारीत चाचा म्हणाले, "भला मानूस. पर पिशवी बांदायचा न्हाई त्यो. आळशी वाटला." त्या वर्षीच्या जत्रेत महादू पुन्हा मातीत उतरला. कुस्ती बरोबरीत सुटली. घामानं निथळत तो फडाबाहेर आला, चाचांसमोर पाय सरळ करून उभा राहिला, आणि चाचांनी त्याच्या गुडघ्यावर एक हलकी टपली मारली. एवढाच त्यांचा सत्कार समारंभ.

गेल्या आठवड्यात जैनबीचाची खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या. घरचं बोलणं झालं, धाकट्या लेकीनं धनुकली हाती घेतल्याचं त्यांनी सांगितलं. बाटली घेऊन त्या निघाल्या आणि मी नेहमीप्रमाणं उठून पायरीवर जाऊन उभा राहिलो. आत दोन रोगी खोळंबले होते. चाची कोपऱ्यापर्यंत गेल्या, थांबल्या, वळून पाहिलं आणि हसू लागल्या.

"काय झालं चाची?"

"कोन बी जायला लागलं की ते बी असंच पायरीवर उबं र्‍हायाचे," त्या म्हणाल्या. "येताना मानूस दुकनं दाखवत येतो, जाताना पाय खरं बोलत्यात म्हनायचे. तुमाला म्हाईत न्हाई व्हय? कवापास्नं तसंच उबं र्‍हाताय की."

मला खरोखरच माहीत नव्हतं. मी चाचांकडून काय काय शिकलो, त्याची यादी मनाशी कितीदा केली होती; त्यात हे कुठंच नव्हतं. चाची पुन्हा चालू लागल्या. उजवा पाय किंचित जपून टाकत होत्या. मी हाक मारून त्यांना परत बोलावलं आणि बाकावर बसवून गुडघ्यावर हात ठेवला... डोळे आपोआप मिटले.