सुजाताने लिहिलेलं एक वाक्य

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या कोर्टात होतो. वाटपाच्या एका दाव्यात साक्षीदाराचा उलटतपास चालू होता. खिशात फोन थरथरत राहिला आणि मी तो बंद केला. जेवणाच्या सुट्टीत वकिलांच्या बाररूममध्ये येऊन पाहिलं, तर त्याचे चार कॉल. मिलिंद म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ, जळगावला शाळेत शिक्षक आहे. परत फोन लावला तर म्हणाला, "अरुणभाऊ, ताई गेली. सकाळी." मी विचारलं, "कोणती ताई?"... आज सहा आठवडे झाले, पण तो प्रश्न आठवला की मान खाली जाते. मिलिंदला एकच बहीण, आणि तिला मी पस्तीस वर्षं ओळखत होतो. पण ती आजारी आहे हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसण्याला मीच कारण होतो.

सुजाता आणि मी जळगावच्या लॉ कॉलेजात एका वर्गात होतो. मी धुळ्याचा, खोली घेऊन राहायचो. ती चाळीसगावहून रोज पॅसेंजरने ये-जा करायची. तिचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, तारखात्यात लाइनमन होते. वादळात तारा तुटल्या की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून निघायचे आणि दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. घरात अहिराणी, कॉलेजात छापील पुस्तकासारखी मराठी, आणि इंग्रजी मात्र तिने ग्रंथालयात बसून जुनी निकालपत्रं वाचूनच कमावलेली. त्यांच्या वस्तीतून वकील होणारी ती पहिली. अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या, स्पर्धेत आम्ही सगळे गरीब बिचाऱ्या अर्जदाराची बाजू मागून घ्यायचो, कारण टाळ्या तिथेच पडायच्या. सुजाता दरवेळी सरकारची बाजू घ्यायची. एकदा मी तिला विचारलं तर म्हणाली, "अर्जदाराला वकील मिळतोच. सरकारची बाजू कोणी नीट मांडत नाही, आणि मग सरकार त्या वाईट मांडलेल्या बाजूवरच चालत राहतं." तेव्हा मला ते भाषण वाटलं होतं. नंतर कळलं की तिने आयुष्याचा बेतच सांगितला होता.

पदवीनंतर दोन वर्षं आम्ही धुळ्यात एकाच ज्येष्ठ वकिलांकडे होतो. त्यांना सगळं कोर्ट नाना म्हणायचं. नाना माझे मसुदे वाचताना चष्मा काढून डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "देवरे, तू राग लिहितोस. ही बाई मुद्दा लिहिते." मग तिने केंद्राच्या विधी सेवेची परीक्षा दिली आणि दिल्लीला गेली. दोन-तीन खाती फिरून शेवटी दूरसंचाराकडे आली. नियमांचे मसुदे तपासायचे, परवान्यांच्या भांडणात कंपन्यांना उत्तरं लिहायची, देशभरच्या न्यायालयांत सरकारच्या वतीने जाणारी प्रतिज्ञापत्रं तयार करायची, असं ते काम. तारा जोडणाऱ्याची मुलगी तारांचे कायदे लिहिते, असं मी कोणालाही कौतुकाने सांगायचो. तिच्या नातेवाइकांना मात्र त्या कामाचा एकच अर्थ माहीत होता. जामनेरकडची तिची एक मावशी दर सणाला फोन करायची, "सुजाता, आमना गावले रेंज नही शे. तू तं त्याच खातामा शे ना?" सुजाता कधी चिडली नाही. तक्रार कुठे आणि कशी करायची ते सांगायची, मसुदाही लिहून पाठवायची. मला फोनवर म्हणायची, "आठ दिवस एका शब्दावर भांडतेय. 'तातडीने' लिहायचं की 'चोवीस तासांत'." मी विचारायचो, कोण जिंकलं. "अजून चहाच चालू आहे," म्हणायची. लग्न तिने केलं नाही. वर्षातून दोनदा जळगावला मिलिंदकडे यायची, तेव्हा एक दिवस आमच्याकडे धुळ्याला ठरलेला असायचा.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नाव लिहीत नाही, दोन गटांत दगडफेक झाली. संचारबंदी लागली, एसटी थांबली, आणि अफवा पसरू नयेत म्हणून इंटरनेट बंद झालं. तिथे निकिता नावाची एक मुलगी होती. वडील शिंपी. नर्सिंगच्या पदवीला सरकारी कॉलेज मिळेल इतके तिचे मार्क होते. कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायची शेवटची तारीख नेमकी त्याच दिवसांत आली. ती दोन दिवस फोन हातात घेऊन घराच्या गच्चीवर उभी राहिली. नेट सुरू झालं तेव्हा संकेतस्थळावर मुदत संपल्याचं लिहून आलं होतं. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले आणि मी खंडपीठात याचिका केली. बंदीचा आदेश राज्याचा, नियम केंद्राचे, म्हणून दोघांनाही पक्षकार केलं. याचिकेत सहाव्या परिच्छेदात मी स्पष्ट लिहिलं होतं की त्या दिवसांत एसटी बंद होती आणि गावाबाहेर पडायला मनाई होती.

केंद्राचं प्रतिज्ञापत्र आलं. फार बांधेसूद होतं, एकही शब्द जास्तीचा नाही. त्यात एक वाक्य होतं: अर्जदारास लगतच्या गावी जाऊन अर्ज भरता आला असता. मी ते निकिताला मराठीत समजावून सांगितलं. माझ्या टेबलासमोर बसलेल्या त्या अठरा वर्षांच्या पोरीने विचारलं, "सर, म्हणजे मी चालत जायला पाहिजे होतं का?"

प्रवेशाची प्रक्रिया तोवर संपून गेली होती. आता हस्तक्षेप करून उपयोग नाही म्हणून याचिका निकाली निघाली. निकिताचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी गुणांची अट वर सरकली, पदवीला नंबर लागला नाही, आणि तिने नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम घेतला. निकाल लागला त्या संध्याकाळी मी सुजाताला फोन केला. विचारलं, "ते प्रतिज्ञापत्र तू पाहिलं होतंस?" ती म्हणाली, "मसुदा माझाच आहे." मला वाटतं, ती पुढे आणखी काही बोलणार होती. मी बोलू दिलं नाही. मी म्हणालो, "तुझ्या आबांनी लोकांसाठी खांबांवर चढून तारा जोडल्या. आणि तू दिल्लीत बसून एका पोरीला चालत जायला सांगतेस." ती फक्त म्हणाली, "आबांना यात आणू नको, अरुण." मी आणखीही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना म्हणायचे तसा मी रागच लिहीत आलो होतो, त्या दिवशी तो तोंडाने बोललो. त्यानंतर चार वर्षांहून जास्त काळ आमचं बोलणं नव्हतं. ती जळगावला यायची, जायची. सुरुवातीला मला मिलिंदकडून कळायचं, मग मी विचारणंच सोडलं. धुळ्याचा दिवस मोडला तो मोडलाच.

मागच्या हिवाळ्यात तिचा मेसेज आला. नाशिकला काही कामाने आले होते, आता शिरपूरला एका लग्नाला जातेय, सोनगीरला थांबते, येशील का. मी गेलो. हायवेवरच्या हॉटेलात, किल्ला दिसतो त्या बाजूला, ती आधीच येऊन बसली होती. बारीक झाली होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "दिल्लीचं पाणी." थोडा वेळ नानांच्या आठवणी निघाल्या, माझ्या मुलाची नोकरी निघाली. मग तिने चहाचा कप बाजूला ठेवला.

"एसटी बंद होती, हे तुझ्या याचिकेत होतं," ती म्हणाली. "सहाव्या परिच्छेदात. मी वाचलं होतं."

मी म्हणालो, "वरून सांगितलं असेल तुला." खरं तर मी तिला वाट करून देत होतो. किंवा स्वतःला.

"नाही. कोणी काही सांगितलं नाही. ते वाक्य नसतं तरी चाललं असतं. उत्तर भक्कम दिसावं म्हणून मी लिहिलं. इतकी वर्षं नोकरी केल्यावर हात आपोआप तिकडे जातो... तरी लिहिलं मीच." मग म्हणाली, "ती मुलगी कुठे असते? मला तिला भेटायचं आहे."

आज वाटतं, त्या क्षणी तिचा हात धरायला हवा होता. तीस वर्षं ज्या बाईने एकदाही सरकारची बाजू सोडली नाही, ती माझ्यासमोर स्वतःची बाजू सोडून बसली होती. पण मला त्या वेळी फक्त एवढंच कळलं की मी बरोबर होतो. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं, आणि मला ते पुरेना. मी म्हणालो, "गरज नाही. ती तिच्या मार्गाला लागली आहे. आता कशाला त्रास तिला." सुजाताने परत एकदा विचारलं. मी परत तेच सांगितलं, अशिलाची काळजी घेणाऱ्या वकिलाच्या आवाजात. ती "बरं" म्हणाली आणि गाडीकडे गेली. दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला: "मुलीचा पत्ता दे. कोर्टाचं काही नाही, माझं आहे." मी तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. उत्तर द्यायचं मी उद्यावर टाकत गेलो, आणि मग मिलिंदचाच फोन आला.

स्वादुपिंडाचा आजार होता. उशिरा कळला असं मिलिंद म्हणतो. सोनगीरला भेटलो तेव्हा तिला तो ठाऊक होता का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जळगावला गेलो, मागच्या रांगेत बसलो. लोक तिच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मला प्रत्येक वाक्याला वाटत होतं की आता कोणीतरी वळून माझ्याकडे पाहील. कोणी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी निकिताला शोधलं. शोधायचं काय, ती धुळ्यातच एका दवाखान्यात नर्स आहे. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. ड्यूटी संपल्यावर ती कँटीनमध्ये येऊन बसली आणि मी तिला सगळं सांगितलं, सोनगीरचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला विचारलं का नाही, सर?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

"मला काही त्रास नव्हता. मला त्यांना एकच विचारायचं होतं, एसटी बंद होती हे त्यांनी वाचलं होतं का."

"वाचलं होतं. तिने मला तसं सांगितलं."

"मग त्या माझ्याशी खरं बोलल्या असत्या," निकिता म्हणाली. "पाच वर्षांत कोणीच बोललं नाही. सगळे म्हणाले, नशीब." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. सुजाताने त्या मुलीला न विचारता तिच्याबद्दल एक वाक्य लिहिलं, म्हणून मी सुजाताशी चार वर्षं बोललो नाही. आणि त्याच मुलीला न विचारता, तिच्या वतीने, मी सोनगीरला दोनदा "गरज नाही" म्हणून मोकळा झालो. सुजाताला तिचं वाक्य परत घ्यायचं होतं. माझं परत घ्यायला आता समोर कोणी नाही.

निकितानेच विचारलं, त्यांचं घर कुठे आहे. एका रविवारी आम्ही जळगावला गेलो. मिलिंद बाहेर गेला होता. सुजाताच्या आई घरात होत्या, ऐंशीच्या पुढच्या, कानाने थोड्या कमी. त्यांनी आम्हाला सुजाताच्या खोलीतच नेलं. शेवटचे चार महिने ती इथे होती. खिडकीशी टेबल, टेबलावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. अंथरुणाला खिळेपर्यंत ती रोज पेपर वाचताना वाक्यं दुरुस्त करत होती: इथला शब्द खोडलेला, तिथे समासात प्रश्नचिन्ह, एका ठिकाणी 'कोणी? नाव लिहा' एवढंच. आईंनी तो गठ्ठा रद्दीत जाऊ दिलेला नाही. त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "बठ्ठं तिनंच लिखेल शे," सगळं तिनेच लिहिलेलं.

मग त्यांनी निकिताकडे नीट पाहिलं. "तू सुजाताले कशी वळखस, बेटा?"

निकिताने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, सोयीचं, म्हाताऱ्या बाईला बरं वाटेल असं. मी गप्प राहिलो.

"त्यांनी माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, आजी," निकिता म्हणाली.

"चांगलं व्हतं का वाईट?"

"चुकीचं होतं. पण त्यांना ते माहीत होतं."

आईंनी मान हलवली, जणू हे त्यांच्या मुलीच्या स्वभावाला धरूनच होतं. टेबलाची खुर्ची त्यांनी मागे ओढली, पदराने पुसली, आणि निकिताला म्हणाल्या, "मग बस व माय. जेवीसन जाय."