जीव परत विहिरीत

आमचे मास्तर, म्हणजे माह्ये मालक भालचंद्रराव, सरळ डोक्याचे नव्हते, हे मी पहिलेच सांगून टाकते. मेहकरच्या शाळेत पक्की नोकरी होती. गावात मान होता. अन् या माणसानं ती सोडून दिली! काऊन? तर आरोग्य खात्यात एक हंगामी जागा निघाली होती. बैलबंडीनं गावोगाव फिराचं अन् रोग कशानं होते, ते लोकाइले समजावून सांगाचं.

"वर्गात शिकवलेलं विज्ञान परीक्षेपुरतं राह्यते," ते म्हणत. "मले ते पार विहिरीपर्यंत न्यायचं हाये."

"मंग घागर घेऊनच जा," मी म्हटलं. तर हे हासले. माणूस चिडतच नव्हता हो, तोच तर तरास होता.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होता. नागपूरहून हुकूम सुटायचे. हुकूम असा होता, की एक मोठे साहेब येऊन काम पाहतीन, पसंत पडलं तर जागा कायम, नाई तर घरी बसा. शाळेतल्या जागेवर दुसरा मास्तर आलाच होता. सारं त्या एका पाहणीवर अडून होतं.

पाहणीसाठी मास्तराइनं जानेफळच्या पुढचं एक गाव धरलं. स्वैपाकाले मीही संग होते. तठी नारूनं कहर केला होता. पायाले फोड येते, तो फुटते अन् त्यातून धाग्यावानी लांब किडा निघते. ऐन पेरणीत धडधाकट माणसं बाजेवर! नारूवाला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की फोडातून नारूची पिलं पाण्यात सांडतात. ती पिलं पाण्यातल्या बारीक जिवाइच्या पोटात जातात, अन् ते जीव पाण्यासंग आपल्या पोटात. उपाय इतकाच, की घट्ट विणीच्या दुपदरी फडक्यातून पाणी गाळून प्यायचं.

मास्तराइनं भाषण दिलं नाई. सकाळी बाया पाण्याले आल्या, तसे विहिरीपाशी जाऊन बसले. एक घागर गाळली, गाळणं पालथं करून काचेच्या पेल्यात धुतलं, अन् आपल्या खिशातलं भिंग काढून रुखमाबाईच्या हाती दिलं. रुखमाबाई म्हणजे गळ्यात माळ असलेली म्हातारी. तिच्या शब्दाबाहेर गावातली एक बाई नव्हती.

"अवं माय वं!" ती ओरडली. "हे तं उड्या मारून राह्यले!"

मंग काय, भिंगासाठी नुसती झुंबड. मास्तराइचा चेहरा असा फुलला, का मले वाटलं, जागा कायम झालीच.

दुसऱ्या दिवशी एकही बाई पाणी गाळंना! पहिले ज्या घरात गाळत होते, त्याइनंही सोडून दिलं. मास्तर गेले रुखमाबाईकडे, मागं मी.

"बापू, दिसत नव्हतं तंवर ठीक होतं," ती म्हणाली. "आता डोळ्यानं पाह्यलं. गाळणं उन्हात वाळलं, का ते जीव तडफडून मरतात. ते पाप मी कुठं धुऊ?"

"अन् प्याल्यावर पोटात मरत नाईत का?" मी तोंड घातलंच.

"पोटातलं देवाले माहीत. गाळणं तं मी माह्या हातानं वाळू घालते ना."

घ्या! मुक्कामी आल्यावर मी म्हटलं, "अहो, सांगून टाका, ते जीव नाईत, कचरा हाये. साहेब येऊन जाऊ द्या."

मास्तर पहिल्यांदा माह्यावर आवाज चढवून बोलले. "मीच त्याइले दाखवलं. आता मीच म्हणू का, तुमचे डोळे खोटे? मंग माह्यावर पुन्हा कोण भरवसा ठेवन?"

राग आला मले. पण खरं सांगते, माणूस सोन्यासारखा हाये, हे मले त्या दिवशी कळलं.

ते पुन्हा म्हातारीच्या ओसरीवर जाऊन बसले. "मावशी, ते जीव वाचतीन कसे, ते तुमीच सांगा."

"जिथले तिथं नेऊन सोडा."

"मंग सोडू. विहिरीवरच गाळा, अन् गाळणं पालथं धरून वरून पाणी ओता, म्हंजे जीव परत विहिरीत. पण नारूवाल्यानं पाण्यात पाय घालाचा नाई. त्याची पिलं या जिवाइच्या पोटात जातात."

म्हातारी लगेच कबूल! वर पायरीवर राखणीलेही तीच बसली.

साहेब आले. साऱ्या बाया गाळून राह्यल्या होत्या. साहेब खूश. तितक्यात बायांनी गाळणी पालथी केली अन् साहेबाचा पारा चढला.

"रोगाचं बीज पकडून परत विहिरीत? हे शिकवलंत तुम्ही?"

"साहेब, ते जीव तिथलेच आहेत. नवं काही पडत नाही, आणि पोटात काही जात नाही."

"जमिनीवर फेकून मारायला सांगा. आत्ता सांगा, मी जागा कायम करतो."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. फेकले तर अजून चांगलं," मास्तर म्हणाले. "पण फेका म्हटलं की या गाळणार नाहीत."

जागा गेली. बंडीत मी तोंड फिरवून बसले होते. माह्या वडलाइनं शब्द टाकला, म्हून तहसील कचेरीत नकला उतरवाचं काम भेटलं. मास्तर कचेरीत जात, कचेरीतून येत. माणूस घरात असून नसल्यासारखा. मले जेवण गोड लागंना.

नारू पोटात गेल्यावर सालभरानं बाहेर निघते. म्हून पुढची पेरणी आली, तसा त्याइचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाजाराच्या दिवशी त्या गावचं कोणी भेटते का, पाहत फिरत.

अन् एका सकाळी दारात बंडी. रुखमाबाई उतरली, मागून अनोळखी बाया.

"बापू, औंदा गावात नारू नाई! एक जावई आला होता पायाले नारू घेऊन, त्याले मी विहिरीवर फिरकू देल्लं नाई." मंग तिनं मागं बोट केलं. "ह्या सुलतानपूरच्या. याइच्या गावात निरा नारूच नारू. मी सांगून थकली, पण म्हणतात, आमाले डोळ्यानं पाहाचं. भिंग घे अन् चाल."

मास्तराइच्या डोळ्याले धार लागली. अंगात कोट, डोक्यावर टोपी, कचेरीची वेळ झालेली. ते माह्याकडे पाहत राह्यले.

"माह्या तोंडाकडे काय पाहता?" मी म्हटलं. "बसा बंडीत. कचेरीत मी निरोप धाडते, माणूस कामावर गेला म्हून."